हॅकरच्या यादीत तुमचा पत्ता आहे का? ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेचं परीक्षण

‘माझ्या खात्यात असं आहे तरी काय, की हॅकर माझ्या मागे लागेल?’ पासवर्ड बदला म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. पण बहुतेक हल्ल्यांत हल्लेखोराला तुम्ही कोण हे ठाऊकच नसतं. त्याच्यासमोर एक फाइल असते. एका ओळीत ई-मेल, पुढे दोन टिंबं, पुढे पासवर्ड, अशा लाखो ओळी. परीक्षेचा पेपर फुटतो तसा कुठल्यातरी वेबसाइटचा डेटा फुटलेला असतो, त्यातून ही फाइल तयार होते. मग एक प्रोग्राम त्यातली प्रत्येक जोडी दुसऱ्या साइटींवर लावून बघत बसतो. जे खातं उघडलं ते बाजूला काढायचं. आत काय आहे ते नंतर बघायचं. याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात, आणि ‘माझ्याकडे काय आहे?’ या प्रश्नाला त्यात जागाच नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या डीएनए तपासणी कंपनीत हेच घडलं. दुसरीकडे फुटलेले पासवर्ड लावून सुमारे १४,००० खाती उघडली गेली. त्या साइटवर जनुकीय नातेवाईक शोधण्याची सोय होती. त्यामुळे या १४,००० खात्यांच्या दारातून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यातल्या कित्येकांचे स्वतःचे पासवर्ड चांगले असतील. ते सापडले कारण त्यांच्या कुणा दूरच्या चुलतभावाने जुनाच पासवर्ड पुन्हा वापरला होता.

अशा फायलींत आपला ई-मेल पत्ता आहे का, हे सांगणारी सेवा म्हणजे ‘हॅव आय बीन पोन्ड’. ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ती डिसेंबर २०१३ मध्ये सुरू केली. त्याआधी दोन महिने अडोबी कंपनीची सुमारे १५ कोटी ३० लाख खाती फुटली होती. सुरुवातीला साइटवर जेमतेम पाच डेटाचोऱ्या होत्या, आज शेकडो आहेत. व्यक्तीसाठी सेवा पूर्ण फुकट आहे. नावातला ‘पोन्ड’ हा गेम खेळणाऱ्यांचा शब्द, अर्थ ‘पुरता चीत झालेला’. स्पेलिंग विचित्र आहे: पी-डब्ल्यू-एन-ई-डी. ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता टाकताना ते नीट बघा. मुख्य पानावरची चौकट फक्त ई-मेल मागते. ई-मेल आणि पासवर्ड एकत्र मागणारं पान दिसलं तर ते बनावट समजून बंद करा.

वापर सोपा आहे. ई-मेल टाका, बटण दाबा, आणि त्या पत्त्याशी जोडलेल्या डेटाचोऱ्या तारखेनुसार समोर येतात. पुष्कळ लोक इथे आकडा बघतात, ‘अरे बापरे, नऊ!’ म्हणतात आणि पान बंद करतात. आकड्याला फारसा अर्थ नाही. प्रत्येक नोंदीत कोणती माहिती गेली त्याची यादी असते, ती वाचायची. हल्लेखोर तुमचा उपयोग कशासाठी करील हे त्या यादीवरून कळतं.

भारतीय वाचकांच्या निकालात हमखास दिसणाऱ्या दोन नोंदी घेऊ. बिगबास्केटची चोरी ऑक्टोबर २०२० मधली, सुमारे अडीच कोटी ई-मेल पत्ते. त्यात नाव, फोन, घरचा पत्ता, जन्मतारीख आणि हॅश केलेले पासवर्ड होते. हॅश म्हणजे पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून काढलेला ठसा. ठशावरून पासवर्ड उलटा काढता येत नाही, पण अंदाज करून ठसे जुळवता येतात. ‘गणेश’चं पहिलं अक्षर कॅपिटल, मग @, मग १२३ ही रचना फोडणाऱ्या प्रोग्रामांना तोंडपाठ असते. म्हणजे २०२० साली तुमचा पासवर्ड असा बेतलेला असेल तर तो उघडा झाला असंच धरा, आणि तो किंवा त्याचा भाऊबंद आणखी कुठे वापरला आहे ते शोधा.

डॉमिनोज इंडियाची चोरी एप्रिल २०२१ मधली, सुमारे सव्वादोन कोटी ई-मेल पत्ते. तिथे पासवर्ड गेले नाहीत. गेलं ते नाव, फोन, घरचा पत्ता आणि मागवलेल्या ऑर्डरींचा तपशील. पासवर्ड नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला तर चूक होईल. फोन करणाऱ्याने तुमचं पूर्ण नाव, इमारत आणि मजला सांगितला की तो बँकेचाच माणूस असेल असं वाटायला लागतं. इथे पासवर्ड बदलून काही मिळत नाही. घरातल्यांना एकच सांगून ठेवायचं: पत्ता अचूक सांगणारा माणूस त्यावरून खरा ठरत नाही. या दोन नोंदी साइटवर एकाखाली एक, सारख्याच दिसतात. त्यांचे उपाय मात्र अगदी वेगळे आहेत, आणि हा फरक साइट पुरेसा ठळक करत नाही. माझ्या मते तिच्यातली ही खरी उणीव आहे.

निकाल कोरा आला तर? त्याचा अर्थ एवढाच, की हंट यांच्या हाती आलेल्या फायलींत तुमचा पत्ता नाही. लिंक्डइनमध्ये २०१२ साली चोरी झाली तेव्हा सुमारे ६५ लाख पासवर्डांचे ठसे बाहेर आले होते. त्याच चोरीतली १६ कोटींहून अधिक खाती २०१६ मध्ये विक्रीला आली. मधली चार वर्षं त्या लोकांचा निकाल कोराच दिसला असता. म्हणून एकदा तपासून सोडून देण्यापेक्षा सूचना चालू करणं महत्त्वाचं. साइटवर पत्ता नोंदवा, आलेल्या मेलमधल्या दुव्यावरून तो पक्का करा. पुढे नव्या फायलीत पत्ता सापडला की मेल येतो.

पत्ता पक्का करण्याचा आणखी एक फायदा आहे. काही चोऱ्या ‘संवेदनशील’ म्हणून वेगळ्या ठेवलेल्या आहेत. २०१५ ची ॲशली मॅडिसन ही विवाहबाह्य संबंधांच्या साइटची चोरी त्यातलीच. अशा नोंदी फक्त त्या पत्त्याच्या मालकाला दिसतात. बाकीच्या चोऱ्यांत मात्र कुणीही कुणाचाही पत्ता टाकून बघू शकतो. ते नको असेल तर आपला पत्ता सार्वजनिक शोधातून काढून घेण्याची सोय आहे, आणि ती खरोखर चालते.

आता या सेवेतला सगळ्यात उत्तम भाग: ‘पोन्ड पासवर्ड्स’. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या भागात पासवर्ड टाकून तो कुठल्या फुटलेल्या साठ्यात आहे का, आणि किती वेळा, ते बघता येतं. पासवर्ड दुसऱ्याच्या साइटवर टाकायचा म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. म्हणून आत काय होतं ते समजून घ्या. तुमचा ब्राउझर त्या पासवर्डचा ‘शा-१’ या पद्धतीने ठसा काढतो. तो ४० अक्षरांचा असतो. त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं सर्व्हरकडे जातात. सर्व्हर त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे ठसे, शेकड्यांनी, परत पाठवतो आणि जुळवणी तुमच्या यंत्रावरच होते. अशा पाच अक्षरी सुरुवाती एकूण १०,४८,५७६ होतात. त्यामुळे शेकड्यांतला नेमका कोणता तुमचा, किंवा तुमचा त्यात आहे की नाही, हे सर्व्हरला कळत नाही. ही युक्ती २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचे जुनैद अली यांच्याकडून आली. पुढे अनेक पासवर्ड मॅनेजरांनी (पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या ॲपनी) ती उचलली. बिटवॉर्डन, वनपासवर्ड यांत हीच तपासणी आतून चालते, त्यामुळे साइटवर पासवर्ड टाकणं मनाला पटत नसेल तर मॅनेजरमधून करा.

आकडा वाचताना एक खबरदारी. पासवर्ड लाखो वेळा सापडला की लोक घाबरतात आणि दोनदाच सापडला तर निश्चिंत होतात. दोनदा सापडलेला पासवर्डही यादीत आहेच, आणि यंत्राला यादी संपवायची असते. शून्य हेच चालणारं उत्तर. त्यातही शून्याचा अर्थ ‘भक्कम’ असा नव्हे. आपल्या गावाचं नाव आणि चालू साल जोडून केलेला पासवर्ड आज शून्य दाखवील, पण तो ज्या साच्यातून निघाला तो साचा सगळ्यांना ठाऊक आहे.

हे ऑफिसांनी जास्त मनावर घ्यावं. दर ४५ किंवा ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावण्याची पद्धत आपल्याकडे अजून सर्रास आहे. तिचं फळ म्हणजे शेवटचा आकडा एकाने वाढवणं. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ पासून सांगितलं आहे, की ठरावीक मुदतीने बदल लादू नका. त्याऐवजी नवा पासवर्ड फुटलेल्या याद्यांशी ताडून बघा, आणि फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला. पोन्ड पासवर्ड्सची सगळी यादी फुकट उतरवून घेता येते, त्यामुळे ही तपासणी ऑफिसच्या यंत्रणेत बसवायला परवान्याचा खर्च नाही.

इथपर्यंत सेवेला पूर्ण गुण. मात्र गेल्या काही वर्षांत धोक्याचं रूप बदललं आहे, आणि खरा कस तिथे लागतो.

पूर्वी चोरी वेबसाइटच्या सर्व्हरवर होत असे. आता ती तुमच्याच संगणकावर होते. इन्फोस्टीलर नावाचे प्रोग्राम (रेडलाइन, रॅकून, लुमा ही त्यातली गाजलेली नावं) एकदा आत शिरले की काही मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड, कुकीज, आपोआप भरली जाणारी माहिती आणि क्रिप्टो वॉलेट गोळा करून पाठवून देतात. शिरण्याचे रस्ते ओळखीचे आहेत: क्रॅक केलेला फोटोशॉप किंवा कोरलड्रॉ, गेमची चीट फाइल, आणि हल्ली खोटा कॅप्चा. ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा’ असं म्हणत तो विंडोजची कळ आणि आर, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर दाबायला सांगतो. या तीन पायऱ्यांत तुम्ही स्वतःच्या हाताने त्याचा हुकूम चालवता. खरा कॅप्चा असं कधीही सांगत नाही. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुमावर कारवाई केली, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत सुमारे ३ लाख ९४ हजार विंडोज संगणकांना त्याची लागण झालेली आढळली होती.

यातून मिळणाऱ्या लॉगमध्ये, म्हणजे चोरलेल्या माहितीच्या फाइलमध्ये, साइटचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड असे तीन रकाने असतात. यातला साइटच्या पत्त्याचा रकाना सगळा खेळ बदलतो. जुन्या यादीवाल्याला प्रत्येक जोडी कुठे चालते ते शोधावं लागे. नव्याला ते लिहूनच मिळतं. त्यामुळे निवड उलट दिशेने होऊ लागली आहे: आधी लॉगच्या ढिगाऱ्यात कंपन्यांची डोमेन (साइटच्या किंवा ई-मेलच्या पत्त्यातलं कंपनीचं नाव) शोधायची, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बाहेरून शिरण्याची वाट) किंवा क्लाउडचा पासवर्ड सापडला की मग ती कंपनी किती मोठी आहे ते बघायचं. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड सेवेच्या ग्राहकांवर असाच हल्ला झाला. सुमारे १६५ संस्थांना सावध करावं लागलं. वापरलेले काही पासवर्ड २०२० पासूनच्या लॉगांतले होते, ते मधल्या काळात बदललेच नव्हते, आणि त्या खात्यांना दुसरी पडताळणी नव्हती. काही पासवर्ड तर बाहेरच्या कंत्राटदारांच्या लॅपटॉपवरून गेले होते, आणि त्याच लॅपटॉपवर गेम आणि क्रॅक सॉफ्टवेअरही चालत होतं. घरातला एकच संगणक मुलाच्या गेमसाठी आणि आईच्या ऑफिससाठी वापरला जातो अशा घरांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

या बाबतीत सेवा मागे राहिलेली नाही. २०२५ च्या सुरुवातीपासून पत्ता पक्का केलेल्या माणसाला आपला पासवर्ड कोणकोणत्या साइटच्या नावासह लॉगमध्ये सापडला ते बघता येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘एलियन टेक्स्टबेस’ नावाचा साठा भरला गेला, त्यात २८ कोटी ४० लाख पत्ते होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या एका साठ्यात १९५ कोटींहून जास्त ई-मेल आणि १३० कोटी वेगळे पासवर्ड होते. त्यातले ६२ कोटींहून अधिक पासवर्ड पोन्ड पासवर्ड्सने आधी पाहिलेलेच नव्हते.

तुमच्या निकालात ‘स्टीलर लॉग’ असं दिसलं तर उपायांचा क्रम चुकवू नका. सगळे इथेच चुकतात. घाबरून त्याच संगणकावर बसून सगळे पासवर्ड बदलले, तर नवे पासवर्डही त्याच वाटेने जातात. आधी तो संगणक नेटपासून तोडा. गरजेच्या फायली बाजूला काढा, प्रोग्राम घेऊ नका, आणि विंडोज नव्याने टाका. तोवर दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून पहिल्यांदा ई-मेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. त्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात जाऊन ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. ही शेवटची पायरी राहते आणि घात होतो. लॉगइन झाल्यावर ब्राउझरला मिळणारी सेशन कुकी म्हणजे आत शिरल्याचा पास. ती चोराकडे असेल तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. हॅव आय बीन पोन्ड तुम्हाला पासवर्ड गेल्याचं सांगेल, पण कुकी गेल्याचं सांगत नाही. ते तुम्हीच गृहीत धरायचं.

भारतीय वापरासाठी दुसरी मोठी मर्यादा फोन नंबरची आहे. आपल्याकडे अर्धी खाती ई-मेलने उघडतच नाहीत, मोबाइल आणि ओटीपीने उघडतात. २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटी नंबरांचा साठा आला तेव्हा इथे फोन नंबर टाकून शोधता येत असे. २०२५ च्या नव्या रूपात वेबसाइटवरची ती सोय काढली गेली. कारण समजण्यासारखं आहे: फार थोड्या चोऱ्यांसाठी ती उपयोगी होती आणि लोकांचा गोंधळ व्हायचा. तरी आपल्या वाचकाचं नुकसान झालंच. व्हॉट्सॲपवर येणारी चलानाच्या नावाची एपीके फाइल किंवा ‘डिजिटल अरेस्ट’चा व्हिडिओ कॉल, यांतलं काहीही ही सेवा पकडत नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघायला दूरसंचार विभागाची ‘संचार साथी’ आहे. पैसे गेलेच तर १९३० हा नंबर पहिल्या तासातच लावायचा.

नेम धरून केलेल्या हल्ल्यापुढेही या सेवेचा उपयोग नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यात ग्राहकांचे पासवर्ड हा मुद्दाच नव्हता. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली, ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले, आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून हाँगकाँगला रक्कम वळवली. अशा टोळ्या बँकेची निवड वेगळ्या निकषांवर करतात: पैसे एकदम बाहेर काढता येतील का, आणि सुट्टीच्या दिवशी कोण लक्ष ठेवून असतं.

छोट्या ऑफिसांसाठी डोमेन शोध आहे. डोमेन तुमचंच असल्याचं सिद्ध करायला डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) साइटने दिलेली टीएक्सटी नोंद घालायची, किंवा डोमेनवरच्या ठरावीक पत्त्यावर आलेला मेल उघडायचा. मग त्या डोमेनवरचे सगळे सापडलेले पत्ते एका यादीत मिळतात. २०२३ मध्ये मोठ्या डोमेनांना पैसे लागू झाले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दहापर्यंत पत्ते सापडले तर शोध फुकट. अडचण वेगळीच आहे: आपल्याकडची पुष्कळ दुकानं, सीए आणि सोसायट्यांची ऑफिसं जीमेलवरच चालतात, तिथे डोमेन शोध लागूच होत नाही. अशा वेळी प्रत्येक पत्ता स्वतंत्रपणे नोंदवून सूचना चालू करावी लागते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता राहून जातो, तो आवर्जून घ्या.

या सेवेवर विश्वास ठेवावा का? मार्च २०२५ मध्ये खुद्द ट्रॉय हंट फिशिंगला बळी पडले. मेलचिंप या मेल पाठवण्याच्या सेवेच्या नावाने आलेल्या मेलवरून त्यांनी खोट्या पानावर पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही भरले, आणि त्यांच्या ई-मेल बातमीपत्राच्या सुमारे १६,००० वर्गणीदारांची यादी काही मिनिटांत उतरवली गेली. पासवर्ड मॅनेजरने त्या पानावर आपोआप पासवर्ड भरला नव्हता. पानाचा पत्ता खोटा असल्याची ती खूण होती, ती त्यांच्याकडून निसटली. त्यांनी हे सगळं त्याच दिवशी जाहीर केलं आणि ती चोरी आपल्याच सेवेत भरली. माझा विश्वास त्याने वाढला. शिवाय एक गोष्ट कळते: ओटीपी माणूस खोट्या पानावर भरू शकतो, पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या लॉकने चालणारी किल्ली) मात्र खऱ्या डोमेनशी बांधलेली असते आणि खोट्या पानावर चालतच नाही. गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट या तिघांच्या खात्यांना पासकी लावता येते. निकाल बघून झाल्यावर वेळ घालवायचाच असेल तर तो इथे घालवा.

तपासणी सुरू करताना पहिल्यांदा आजचा पत्ता टाकू नका. कॉलेजात असताना काढलेला रेडिफमेल, याहू किंवा हॉटमेलचा पत्ता टाका. तोच अजून तुमच्या जीमेलचा रिकव्हरी पत्ता असण्याची शक्यता आहे. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षा, मग रिकव्हरी ई-मेल, असं जाऊन बघा. तिथे तो जुना पत्ता असेल आणि निकालात पासवर्ड गेल्याच्या नोंदी असतील, तर त्याचं कुलूप फुटलेलं आहे असंच धरा; तिथून थेट तुमच्या बँकेच्या मेलपर्यंत वाट जाते. आधी तो बदला.